लोखंडाचं खळं

दर उन्हाळ्यात निकाल लागले की माझ्या ओट्यावर बापलेकांच्या जोड्या येऊन बसायला लागतात. बाप बोलतो, लेक खाली बघतो. "पोराला मेकॅनिकलला घालायचंय. तुमी निजामाच्या काळातले इंजिनिअर. काय तयारी करावी, जरा मार्गदर्शन करा." मार्गदर्शन हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. गणित पक्कं कर, भूमिती टाळू नको, भौतिकशास्त्र घोकू नको, समजून घे, हाताला चित्र काढायची सवय ठेव, हे तर कुणीही सांगेल. त्यासाठी म्हाताऱ्याच्या ओट्यावर कशाला चढायला पाहिजे? तरी मी ते सांगतो, आणि मग पोराला एकच विचारतो, "यंत्र बघून तुझ्या पोटात कधी गोळा आला का रे?" पोरगं बापाकडं बघतं. बाप म्हणतो, "न्हाई न्हाई, तब्येत चांगली हाय त्याची."

माझ्या पोटात आला होता. आमचं गाव केज आणि मोमिनाबादच्या मधलं. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई. सरकार निजामाचं, त्यामुळे कागदावर तेच नाव. घाटनांदूरला रेल्वे नुकतीच आली होती आणि स्टेशनाजवळ कुणा शेठजीनं कापसाची जीन काढली होती. सरकी वेगळी करायचा कारखाना, त्याला सगळे जीनच म्हणायचे. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कापसाची गाडी जुंपली आणि मला बोचक्यांवर बसवलं. मी तेव्हा लहान, मुंज झालेल्या पोराएवढा असेन.

जीनच्या मागच्या खोलीत इंजिन होतं. आधी ते दिसलंच नाही. पायाखालची जमीन थरथरली, तेच पहिलं कळलं. मग दार उघडलं आणि माणसाच्या दुप्पट उंचीचं एक चाक फिरताना दिसलं. ते थांबत नव्हतं. घामाघूम होत नव्हतं, हंबरत नव्हतं, त्याच्यावर कुणी आसूड उगारत नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यात जे जे म्हणून फिरताना पाहिलं होतं, त्याच्या पुढं बैल होता नाहीतर बाई होती. ह्या चाकापुढं कुणीच नव्हतं.

"बापू, ह्याचा बैल कुठं हाय?" मी विचारलं.

"आत हाय," बापू म्हणाले.

"आत म्हंजी कुठं?"

बापूंनी वाकून चाकाच्या मागं पाहिलं. मग म्हणाले, "मला न्हाई ठाव."

आमच्या पंचक्रोशीत बापूंना ठाऊक नाही असं काही असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. घरी येईपर्यंत मी गाडीत गप्प बसून होतो. आईला वाटलं, पोराला दृष्ट लागली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण जे लागलं होतं ते मीठ-मोहऱ्यांनी उतरणारं नव्हतं.

आमचं सगळं शिक्षण उर्दूतून. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि रस्त्यात दोन्हींची खिचडी. मोमिनाबादच्या शाळेत आम्हाला हिसाब, म्हणजे गणित, शिकवणारे मास्तर हैदराबाद शहरातले होते. उंच, वाकलेले, डोळ्यांनी अधू. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा. पोरं त्यांना टरकून असायची, कारण चुकलेल्या उत्तरावर ते रागवायचे नाहीत, दुःखी व्हायचे. एकदा त्यांनी एक उर्दू पुस्तक दाखवलं, विषयाचं नाव जर्र-ए-सकील. "इसका मतलब?" त्यांनी विचारलं. कुणालाच येईना. त्यांनीच सांगितलं: जड वस्तू ओढण्याची विद्या. इंग्रजीत ज्याला मेकॅनिक्स म्हणतात त्याला जुन्या लोकांनी हे नाव दिलं होतं. आयुष्यात मी अनेक व्याख्या वाचल्या, पण इतकी प्रामाणिक व्याख्या दुसरी वाचली नाही.

मी घरी येऊन बापूंना सांगितलं, जड ओढायची विद्या शिकवतात. बापू म्हणाले, "मंग आपल्या ढवळ्यालाबी घाल शाळेत."

मास्तरांनीच मला पुढं ढकललं. औरंगाबादेला इंटर करायला त्यांनी लावलं, आणि इंटर झाल्यावर सुट्टीत आलो तेव्हा त्यांनीच बातमी दिली की हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आता मेकॅनिकलसुद्धा शिकवतात. "जाओ मियाँ," ते म्हणाले, "तुम्हारे लिये ही खुला है." जसं काही निजामसाहेबांनी माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. कॉलेजात तोंडी परीक्षा घेतात एवढं त्यांना माहीत होतं. तिच्यात काय विचारतात, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "किताब तो सब पढ़ के आते हैं. तू देख के जा." आणि स्वतः टांग्यात बसून आमच्या गावी आले.

गावात एकच गलका झाला. हैदराबादचा मास्तर आलाय, पाटलाच्या वाड्यावर जायचं सोडून विहिरीवर चाललाय! आमच्या विहिरीवर मोट चालू होती. बैल मागं सरायचे, कातड्याची मोट पाण्यात जायची, भरायची. मग बैल उतरत्या धावेवरून, म्हणजे त्यांच्या उताराच्या वाटेवरून, पुढं जायचे आणि मोट वर येऊन थारोळ्यात, विहिरीच्या काठावरच्या हौदात, रिकामी व्हायची. मास्तर बांधावर उकिडवे बसले. शेरवानीला चिखल लागला. त्यांना त्याचं काही नव्हतं. चष्मा पुसून पुसून बघत राहिले. मग हैदराबादेत कुठल्याही शेतकऱ्याला पटेल म्हणतात, तसं म्हणत बापूंना विचारलं, "पटेल, ये रास्ता उतार का कायकू रखे?"

"कावून म्हंजी?" बापू म्हणाले. "चढाला वढाया लावलं तर बैल मरंल की. उताराला त्याचं अंगच जोर लावतंय. भरली मोट वर यायच्या टायमाला बैल खाली, रिकामी मोट खाली जायच्या टायमाला बैल वर. न्हाईतर कसं जमंल?"

मास्तरांनी माझ्या दंडाला घट्ट धरलं. आयुष्यभर त्यांनी उताराची गणितं फळ्यावर सोडवली होती, बाणांच्या रेघा काढल्या होत्या, आणि ती गणितं इथं ओल्या मातीत खुरांच्या ठशांनी मांडलेली होती. त्यांनी मला काटकी दिली आणि म्हणाले, काढ. मी मातीत विहीर काढली, चाक काढलं, दोर काढला, धाव काढली. कुठं किती जोर, कुठल्या बाजूला, सगळं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. बापू बैल थांबवून बघायला आले. त्यांच्या विहिरीचं ते चित्र त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हां, हितं दोर काचतोय बघ. दर वर्साला हितंच तुटतोय." मास्तर म्हणाले, "सुभानल्ला." मी जन्मल्यापासून ती मोट बघत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ती दिसली. अजूनही पोरांना मी तेच सांगतो, इंजिनिअर व्हायचं तर आधी घरचं बघ. पोरं मान डोलावतात आणि घरी जाऊन टीव्ही बघतात.

निघताना मास्तरांनी दोन गोष्टी बजावल्या. तोंडी परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नाला 'नहीं मालूम, हुजूर' म्हणायचं, बाता मारायच्या नाहीत. आणि हैदराबादला उतरल्या उतरल्या बूट घ्यायचे, नाड्यांचे, कातडी. "चप्पल नक्को. कारखान्यात चप्पल चालत नाही."

आता घोडं अडलं ते घरातच. बापू रात्रीचं जेवण झालं की ओसरीवर बसून सुपारी कातरायचे, तेव्हा त्यांच्याशी बोलायचं असा आमच्या घरचा रिवाज. मी विषय काढला. बापू म्हणाले, "शिकून वकील हो. तहसिलीत कारकून हो. लोखंड कावून?"

मी इंजिनाचं सांगितलं, रेल्वेचं सांगितलं. ते ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

त्यांच्या मनात काय होतं ते कळायला आमच्या खळ्याची पद्धत कळली पाहिजे. ज्वारी काढली की शेतात जमीन सारवून खळं करायचं. तिथं मळणी, तिथंच उपणणं, तिथंच रास. त्या जागेत पायात जोडा घालून कुणी जायचं नाही, मग तो गावचा पाटील असो. धान्य पडतं ती जागा देवाची. आणि रास झाली की गावचे बलुतेदार काठावर येऊन उभे राहायचे, सुतार, लोहार, कुंभार, चांभार. वर्षभर त्यांनी आमचा नांगर, फाळ, चाक, मोट सांभाळलेली, त्याचं धान्य त्यांना सुपानं घालायचं. बापू कधी हात आखडायचे नाहीत. लोहाराला तर ते एक सूप जास्तच घालायचे. फाळ तुटला की पेरणी अडते, हे ते जाणून होते. पण लोहार काठावर उभा असायचा आणि बापू राशीपाशी. हे जग असंच लावलेलं आहे, ह्यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"आजवर आपण सूप भरलंय," बापू म्हणाले. "लोखंडाचं काम करशील तर उद्या टोपली घिऊन कुणाच्या खळ्यावर हुबा राहाशील? माझं पोरगं काठावर हुबं राहिलेलं मला बघवायचं न्हाई."

आज हे वाचून कुणी बापूंना जुनाट म्हणेल. म्हणा. लोहार घाम गाळून आपल्या हक्काचं नेत होता, भीक मागत नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि मी ते बोललोही. बापू म्हणाले, "व्हय, हक्काचंच. पर हुबा कुठं राहतो?" माझ्या सगळ्या भूमितीत काठ आणि मध्य ह्यांचं असं प्रमेय नव्हतं. मी रडकुंडीला आलो. आई चुलीपाशी बसून होती, ती म्हणाली, "बघून तरी या. न बघताच न्हाई कावून म्हन्ता?"

आईचं बापू सहसा ऐकायचे नाहीत, पण ह्या वाक्यात त्यांना न्याय दिसला असावा. घोडा घेताना दात बघायचे, मुलगी देताना घर बघायचं, मग पोरगं द्यायचं तर जागा बघायला नको? ते म्हणाले, "मी येतो संगं. जागा माझ्या डोळ्यांनी बघीन. पटली तर ठिवून यीन, न्हाई पटली तर माघारी चलायचं, आन् पुन्यांदा ह्या घरात लोखंडाचं नाव काढायचं न्हाई." मी कबूल झालो. न होऊन सांगतो कुणाला? कॉलेज मला बघणार होतं आणि बापू कॉलेजला. दोघांपैकी एकानं नाक मुरडलं तरी माझा खेळ खलास होता.

घाटनांदूरच्या स्टेशनावर बापू पहिल्यांदा आगगाडीत बसले. गाडी येण्याआधी रूळ गुणगुणायला लागले तेव्हा ते खाली वाकून रुळाकडं बघत होते. इंजिन समोर येऊन थांबलं, काळं, ओलं, गरम श्वास टाकत. बापूंनी पायातले जोडे काढले, फलाटावर बाजूला ठेवले आणि हात जोडले. इंजिनवाला वरून हसला. बापू त्याच्याकडं बघून म्हणाले, "हसतोस कावून बे? एवढी माणसं वढतंय त्ये." त्यावर त्या इंजिनवाल्यानंही इंजिनाला हात लावून तो कपाळाला टेकवला. मला त्या क्षणी बापूंचा इतका अभिमान वाटला की भीती थोडी कमी झाली.

विकाराबादवरून हैदराबादला पोचलो. धर्मशाळेत उतरलो आणि आधी बूट घेतले. मी तोवर चपला आणि देशी जोडे ह्यांपलीकडे गेलो नव्हतो. नाडीचे बूट औरंगाबादेला दुसऱ्यांच्या पायांत पाहिले होते तेवढेच. दुकानदारानंच ते माझ्या पायांत घातले आणि नाड्या बांधून दिल्या. बांधताना मी बघायला पाहिजे होतं, पण माझं लक्ष रस्त्यावरच्या विजेच्या दिव्यांकडं. मास्तर ऐकते तर दुःखी झाले असते. मी ठरवून टाकलं, परीक्षा होईपर्यंत बूट काढायचेच नाहीत. धर्मशाळेत बूट घालून झोपलो. बापू म्हणाले, "बैलाला नाल मारल्यावाणी झालंय तुझं."

सकाळी तोंडी परीक्षा झाली. तिघं साहेब, तिघंही शेरवानीत, प्रश्न उर्दूत. एकानं विचारलं, तुझ्या गावात कोणकोणती यंत्रं आहेत? माझ्या आधीच्या पोरानं म्हणे घड्याळ आणि शिवणयंत्र सांगितलं होतं. मी मोट सांगितली. त्यांनी कागद पुढं सरकवला आणि मी मातीत काढली होती तशीच विहीर कागदावर काढली. दोर काचतो ती जागासुद्धा दाखवली. मग त्यांनी वाफेबद्दल दोन गोष्टी विचारल्या. एक आली, एकीला 'नहीं मालूम, हुजूर' म्हणालो. साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं आणि सांगितलं, दुपारी वर्कशॉपवर ये. तिथले बडे साहेब शेवटी बघतील, आत उभं राहायची छाती आहे का ते. घरचं कुणी आलं असेल तर त्यांनाही दारापर्यंत येऊ दे. काही मुलांचे बाप शेवटच्या क्षणी पोरांना ओढून नेतात म्हणे, मग जागा फुकट जाते. बापूंसाठीच केलेला नियम असावा असं मला वाटलं.

त्या वर्कशॉपचं मी काय सांगू? आज माझे गुडघे गेले, कान गेले, पण त्या दारातून जे दिसलं ते तसंच्या तसं शाबूत आहे. लांबच लांब छप्पर. छताखाली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लोखंडी दांडा फिरत होता, आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली येऊन एकेका यंत्राला फिरवत होते. एका इंजिनाच्या जिवावर एवढा सगळा गोतावळा! कुठं भोकं पडत होती, कुठं लोखंड कापलं जात होतं, आणि एका लेथवर लोखंडाची साल निघत होती. आई दुध्याची साल काढते तशी, अलगद, वळत वळत. लोखंडाची! माझ्या पोटात तो लहानपणीचा गोळा पुन्हा उठला. मी बापूंकडं बघितलं नाही. त्यांनी न्हाई म्हटलं तर मी काय करणार होतो, मला माहीत नव्हतं. हे एकदा बघितल्यावर तहसिलीत बसून कारकुनी करायची, ह्यापेक्षा न बघितलेलं बरं होतं.

बडे साहेब पांढऱ्या दाढीचे, विलायतेत शिकून आलेले, चेहऱ्यावर नवाबी रुबाब. त्यांनी शेरवानी काढून खुंटीला लावली. बाह्या वर सारल्या. शांत असलेल्या एका यंत्रापाशी गेले, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणाले आणि स्वतःच्या हातानं पट्टा चढवला. यंत्र फिरायला लागलं. मग एका चिंधीनं त्यांनी हात पुसले, ते पुरते पुसले गेलेच नाहीत. त्या काळ्या हातांनीच ते आम्हा पोरांकडं वळून बोलायला लागले. इथं येणाऱ्यानं नवाबी दारात ठेवून यायची. आधी कानस धरायची, तळहाताला फोड येतील, ते फुटतील, मग हात तयार होईल. सैल बाही, धोतर, उपरणं घालून कुणी यायचं नाही. पट्टा कापड ओळखतो, माणूस ओळखत नाही. ज्याचं नाव ठाऊक नाही त्या भागाला हात लावायचा नाही, आधी नाव विचारायचं. यंत्राची भीती वाटत असेल तर उत्तम. जो म्हणतो मला भीती वाटत नाही त्याला मी घेत नाही. बापू हे सगळं ऐकत होते. दख्खनी उर्दू त्यांना आमच्या बाजारानंच शिकवली होती. त्यांचा चेहरा मात्र ज्वारीच्या सौद्याच्या वेळी असायचा तसा, कोरा.

नावं पुकारायला सुरुवात झाली. दाराशी गर्दी होती, मी आणि बापू कडेला उभे होतो. तेवढ्यात बापूंनी जोडे काढून ठेवले. बाहेरच, भिंतीशी, नीट जुळवून. आणि मी, इंटर आणि सकाळची तोंडी परीक्षा पार केलेला पोरगा, रात्रभर बूट घालून झोपलेला, मीही खाली वाकलो आणि नाड्या ओढून, खेचून बूट काढले. मी विचार केलाच नाही. समोर जे होतं त्याच्यात पायताण घालून जायचं, हे माझ्या पायांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात माझं नाव आलं. मी अनवाणी उंबरा ओलांडला.

"रुको!" साहेब ओरडले.

मी एक पाय वर धरून थांबलो. फरशीवर लोखंडाचे बारीक कीस पसरले होते, काही अजून निळे, गरम. मागं पोरं हसली. साहेब तरातरा आले आणि माझ्या पायांकडं बघत म्हणाले, बूट कुठं आहेत? चोरीला गेले? मास्तरांनी एवढं बजावलेलं, आणि मी नेमकं तेच करून बसलो होतो. उत्तर दारातून आलं.

"साहेब, पायात घालून कसं यावं?" बापू बोलले. "आमच्याकडं खळ्यात जोडा घालून जात न्हाईत. हितं तर एवढ्या माणसांची भाकर निघती."

साहेबांनी खळं म्हणजे काय ते विचारलं. बापूंनी सांगितलं; सारवलेली जमीन, रास, देव, सगळं. यंत्रं गडगडत होती, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. साहेबांचा राग उतरला. मग ते दारापाशी येऊन बापूंच्या समोर उभे राहिले.

"मस्जिद में हम भी जूता उतारते हैं, पटेल," ते म्हणाले. "ये भी खळाच है. मगर लोहे का. यहाँ दाना नहीं गिरता, अंगार गिरता है. जो नंगे पाँव आया, वो लंगड़ा होके जाएगा." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "लड़का अच्छा है. अब आप बोलो. अंदर भेजते, या वापस ले जाते?"

बापू साहेबांच्या हातांकडं बघत होते, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या. मग त्यांनी आतवर नजर टाकली, त्या फिरणाऱ्या दांड्यावर, पट्ट्यांवर, लोखंडाच्या सालीवर. मला वाटलं, संपलं. ज्या जागेत पायताण घालून जावं लागतं ती जागा बापू चांगली कशी म्हणतील? मी मुकाट बाहेर आलो आणि भिंतीशी पडलेले बूट उचलले. एक पायात घालायला गेलो. दुकानदारानं नाडी कशी बांधली होती ते मला आठवेना. दोन टोकं हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

"आन हिकडं," बापू म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून बूट घेतला, उलटा केला आणि भिंतीवर दोनदा आपटला. आमच्याकडं विंचवासाठी तसं करतात. मग धोतर सावरून ते माझ्यापुढं खाली बसले.

"बापू, नका," मी म्हणालो. "लोक बघायलेत."

"गप. पाय पुढं कर."

ज्या माणसाच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय मी कधी घराबाहेर पडलो नव्हतो, त्यानं सगळ्यांदेखत माझा पाय आपल्या मांडीवर घेतला, तळव्याला चिकटलेला कीस अंगठ्यानं झाडला आणि पायात बूट चढवला. बापूंचं पागोटं वरून कसं दिसतं हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बुटाची नाडी त्यांनाही माहीत नव्हती. त्यांनी दोन्ही टोकं घेतली आणि बैलाच्या दाव्याला मारतात ती गाठ मारली, ओढून बघितली, मग दुसऱ्या पायाला तशीच मारली. साहेब दारात थांबले होते. त्यांनी पुढचं नाव पुकारलं नाही. माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी पागोट्यावर पडत होतं आणि ते मला थांबवता येत नव्हतं.

बापू गुडघ्यावर हात टेकून उठले.

"जा," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या न्हाई, आपल्याच खळ्यात चाललायस. काठावर हुबा राहू नको, मधी जा."

मी आत गेलो. बापू मात्र वर्कशॉप बंद होईपर्यंत दारात तसेच उभे होते, अनवाणी.